फुलोऱ्यात आलेली कुंडीतली मिरची मान टाकते तेव्हा

चार दिवसांपूर्वी प्रत्येक बेचक्यात एकेक पांढरी कळी होती. आज कळ्या कुंडीच्या काठावर गळून पडल्यात, खालची पानं पिवळी, शेंडे मलूल. अशा वेळी जवळपास प्रत्येक नवखा माणूस एकच गोष्ट करतो: झाड उपाशी असेल असं समजून खत घालतो आणि वर तांब्याभर पाणी ओततो. बहुतेक झाडं पहिल्या दुखण्याने नाही, या उपचाराने जातात. म्हणून पहिला दिवस फक्त बघण्यासाठी ठेवा. खत नाही, फवारणी नाही, कुंडी बदलणं नाही.

फुलोऱ्यातलं झाड रोपासारखं चटकन सावरत नाही, याला कारण आहे. त्याने आपली साखर, आपलं पाणी कळ्यांना आणि कोवळ्या फळांना देऊ केलेलं असतं. मुळांनी पुरवठा कमी केला की झाड आधी फुलं सोडून देतं. देठ सांध्यापाशी पिवळा पडतो आणि फूल अलगद गळतं. म्हणजे फूलगळ हा स्वतःला वाचवण्याचा झाडाचा मार्ग आहे. आपण फुलं टिकवायच्या मागे लागलो तर झाड जातं. झाड सावरलं तर फुलं पुन्हा येतात. मिरची एका हंगामात संपणारं झाड नाही, कडाक्याची थंडी लागली नाही तर ती काही वर्षं जगते. हा बहर गेला तरी पुढचा येणार आहे, हे मनात पक्कं असलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

पहिली पायरी: सकाळी बघा, दुपारी नको

दुपारच्या उन्हात मिरचीची मोठी पानं लोंबतात. मुळं जितकं पाणी ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडून जातं, म्हणून. उन्हं उतरली की झाड आपोआप ताठ होतं, तेव्हा त्या लोंबण्याची काळजी करू नका. खरी परीक्षा सकाळी, ऊन लागायच्या आधी. रात्रभर विसावा मिळूनही पानं लोंबलेलीच असतील तर मुळांपाशी काहीतरी बिघडलंय.

आता बोट मातीत दोन पेरं खुपसा. वरचा थर कोरडा आणि खाली चिकट गारवा असं कुंडीत नेहमी होतं, त्यामुळे वरून बघून काही कळत नाही. त्यानंतर कुंडी दोन्ही हातांनी किंचित उचलून बघा. पाणी दिल्यावर ती किती जड लागते आणि कोरडी झाल्यावर किती हलकी, हे चार-पाच वेळा उचलून बघितलं की हाताला कळायला लागतं. माझ्या अनुभवात याहून भरवशाचं यंत्र नाही.

झाड मलूल आणि कुंडी हलकी असेल तर झाड तहानलेलं आहे. झाड मलूल आणि कुंडी जड असेल तर मुळं गुदमरताहेत. पानांकडे बघून दोन्ही सारखंच दिसतं, पण उपाय एकदम उलटे आहेत.

तहानलेलं झाड

हे सोपं प्रकरण. फक्त एक अडचण असते: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा सेंद्रिय खत जास्त असलेलं मिश्रण पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही. तुम्ही वरून पाणी ओतता, ते मातीच्या गोळ्याच्या कडेकडेने खाली उतरतं, तळातून बाहेर येतं, आणि भरपूर पाणी दिल्याचं समाधान होतं. आतला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी टबात किंवा घमेल्यात ठेवा, कुंडीच्या पाव उंचीपर्यंत पाणी भरा आणि अर्धा तास ते पाऊण तास तशीच राहू द्या. माती खालून पाणी ओढून घेईल. वरचा थर ओलसर दिसू लागला की कुंडी काढून निथळू द्या. संध्याकाळपर्यंत झाड उभं राहिलं पाहिजे.

पुढे एक दिवस ओतून भिजवणं आणि चार दिवस विसरणं, असं करू नका. असं हेलकावे खाणारं पाणी फुलोऱ्यात फार महागात पडतं. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच चढतं. पाण्यात खंड पडला की कोवळ्या फळांपर्यंत ते पोचत नाही आणि फळांच्या टोकाकडे तपकिरी, खोलगट डाग पडतात. लोक हा रोग समजून औषध शोधत बसतात. खरं तर मातीत कॅल्शियम असतं, ते वर नेणारं पाणी वेळेवर मिळत नाही.

गुदमरलेली मुळं

कुंडीतल्या मिरच्या सर्वात जास्त याने जातात, म्हणून इथे जरा थांबू.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, या अवस्थेला आपल्याकडे नेमका शब्द आहे: वाफसा. शेतात वाफसा येण्याची वाट बघतात, कुंडीतही बघायची. रोज सवयीने पाणी घातलं, तळाची भोकं बुजली किंवा बशीत पाणी साचून राहिलं तर वाफसा येतच नाही. मुळं कुजायला लागतात. कुजकी मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने लोंबतं. मालकाला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी घालतो.

एका झाडाचं सांगतो. दहा इंची कुंडी, झाड कमरेपर्यंत, फुलांनी भरलेलं. खालची पानं पिवळी व्हायला लागली तेव्हा मी गांडूळखत घातलं. आठवड्याने पानांच्या कडा करपल्या. शेवटी कुंडी आडवी केली, एक तळवा मातीवर आणि खोड दोन बोटांमध्ये धरून गोळा बाहेर ओढला. वरच्या अर्ध्या भागात मुळं पांढरी, केसाळ, निरोगी. खालचा भाग काळपट, आणि साचलेल्या गटारासारखा वास. तिथलं एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा उरला. तळाचं भोक एका सपाट खापरीने पूर्ण झाकलं गेलं होतं. खापरी मीच ठेवली होती, पण पालथी न ठेवता सपाट.

तुमच्या झाडाचंही असंच असेल असं वाटलं तर असाच गोळा बाहेर काढून बघा. काळजीने केलं तर यात झाडाला धोका नाही. वास मातीचा असेल आणि मुळं पांढरी असतील तर गोळा परत ठेवा, भोकं मोकळी करा, बशी काढून टाका आणि बोटाला दोन पेरं कोरडं लागेपर्यंत पाणी बंद ठेवा. इतकंच.

मुळं सडलेली निघाली तर मात्र हात घालावा लागेल. कात्री स्पिरिटने पुसून घ्या. लिबलिबीत, तपकिरी मुळं कापून टाका, पांढरी आणि कडक मुळं जशीच्या तशी ठेवा. चिखल झालेली माती हलक्या हाताने झाडून टाका, पाण्याने खळखळून धुऊ नका. साधारण सारख्या प्रमाणात माती, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं खत घ्या, त्यात दोन-तीन मुठी जाड वाळू किंवा परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके, पांढरे खडे) मिसळा आणि झाड पुन्हा लावा. कुंडी तेवढीच किंवा थोडी लहान चालेल. मोठी कुंडी नको, कारण कमी मुळांना जास्त ओली माती म्हणजे पुन्हा तीच कूज. मुळं गेली त्या मानाने वरचा भारही कमी करावा लागतो: सगळ्या कळ्या-फुलं आणि साधारण पाव भाग पानं. मग चार-पाच दिवस उजेडाच्या पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवा. या काळात पाणी बेताचं. खत अजिबात नाही.

गोळा काढल्यावर तिसरी गोष्टही दिसू शकते: माती जवळपास नाहीच, सगळी मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल फिरलेली. म्हणजे झाडाला जागा अपुरी पडली. मिरचीला पूर्ण वाढीसाठी बारा इंची, दहा-पंधरा लिटर मातीची कुंडी हवी. फुलोऱ्यात ही मुळं सोडवत बसू नका. आहे तो गोळा अखंड उचलून मोठ्या कुंडीत ठेवा, भोवती नवी माती भरा आणि एकदा भरपूर पाणी द्या. झाडाला कळतही नाही.

पानं काय सांगतात

मुळं ठीक निघाली तर पानांकडे वळा. पहिला प्रश्न रंगाचा नाही, जागेचा. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की वरच्या कोवळ्या पानांवर?

नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅश), मॅग्नेशियम ही द्रव्यं झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकतं, म्हणून त्यांची उणीव खाली दिसते. जुनं पान सगळं फिकट पिवळं पडलं तर नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. कडा करपल्या तर पालाशची शंका घ्या, पण क्षार जास्त झाले तरी कडाच करपतात. तेव्हा कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी पुटं दिसताहेत का ते आधी बघा.

लोह आणि कॅल्शियम झाडाला असं हलवता येत नाही. त्यांची उणीव शेंड्यावर दिसते. कोवळी पानं पिवळी आणि त्यांवर हिरव्या शिरांची जाळी असेल तर ते लोहाचं लक्षण. पण लोह मातीत नसतंच असं नाही. माती सतत ओली असली किंवा तिचा सामू (आम्ल-अल्कता दाखवणारा pH हा आकडा) वाढला असला तर असलेलं लोहही मुळांना घेता येत नाही. कुंडीतल्या मिरचीला सामू साधारण 6 ते 6.8 मानवतो. जड, क्षारयुक्त पाणी रोज दिलं की तो हळूहळू वर सरकतो.

पांढरी पुटं आणि करपलेल्या कडा दोन्ही दिसत असतील तर खत जास्त झालंय. उपाय धुण्याचा: सकाळी कुंडीच्या आकाराच्या दुप्पट साधं पाणी सावकाश, थांबत थांबत ओता आणि तळातून वाहून जाऊ द्या. दहा लिटरच्या कुंडीला वीस लिटर. निचरा उत्तम असेल तरच हे करा. सडलेल्या मुळांवर हा उपाय केला तर उरलंसुरलं झाडही जातं.

झाड गर्द हिरवं, पानं मोठमोठी, वाढ जोमाची आणि तरी फुलं गळताहेत, असंही होतं. तिथे नत्र जास्त झालेलं असतं. शेणखत, गांडूळखत, युरिया सगळं महिनाभर थांबवा.

आता पान उलटं करा

फुलकिडे फुलांतच लपतात, आणि नवख्या डोळ्याला दिसत नाहीत. एक पांढरा कागद घ्या, फुललेली फांदी त्यावर धरून बोटाने चार टिचक्या मारा. शाईने ओढलेल्या बारीक रेघेसारखं, मिलिमीटरभर लांब काहीतरी चालताना दिसलं तर फुलकिडे आहेत.

पान कुठल्या बाजूला वळलंय हीसुद्धा मोठी खूण आहे. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळलेल्या, पान अरुंद आणि देठ लांबलेला असेल तर कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड (माइट). ही कोळीची जात इतकी बारीक असते की भिंगाशिवाय दिसत नाही, त्यामुळे लक्षणांवरूनच ओळखायची. दुसरी जात पानाखाली बारीक जाळी विणते आणि पानावर पांढुरके ठिपके पडतात, ती डोळ्यांना कळते. शेंड्याला चिकटून बसलेला मावा आणि झाड हलवताच भुर्रकन उडणारी पांढरी माशी ओळखायला कठीण नाहीत.

मावा, पांढरी माशी किंवा डोळ्यांना दिसणारी कोळी असेल तर आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा. निम्मी कीड तिथेच जाते. मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि तेल मिसळण्यापुरते द्रवसाबणाचे काही थेंब. आधी एकाच फांदीवर फवारून एक दिवस वाट बघा, पानं भाजली नाहीत तर उरलेल्या झाडावर फवारा. वेळ संध्याकाळची, ऊन गेल्यावर. तेल लावलेलं पान उन्हात करपतं, आणि दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीनदा फवारणी करा, कारण अंड्यांतून निघणारी पुढची पिढी पहिल्या फवारणीत सापडत नाही. फुलकिड्यांसाठीही हेच, फक्त भरलेली फुलं आधी खुडून पिशवीत बांधून टाका.

न दिसणाऱ्या कोळीवर पाण्यात विरघळणारं गंधक जास्त उपयोगी पडतं. प्रमाण पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे घ्या. दोन गोष्टी मात्र विसरू नका: पारा 32 अंशांच्या वर असताना गंधक फवारलं तर पानं जळतात, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी गंधक वापरायचं नाही.

सोडून द्यायचं झाड

दोन आजारांवर घरगुती किंवा विकतचा, कोणताच उपाय नाही.

पहिला चुरडा-मुरडा, म्हणजे पांढरी माशी पसरवते तो विषाणू. पानं बारीक, चुरगळलेली, पिवळसर, पेरं आखूड, झाड झुडपासारखं गोळा झालेलं. कीड घालवल्यावर येणारी नवी पानंही तशीच वेडीवाकडी येत राहिली तर विषाणूच समजा. दुसरा जिवाणूजन्य मर. झाड हिरवंगार असतानाच एक-दोन दिवसांत सगळं लोंबतं, माती बरोबर ओली असूनही. याची परीक्षा सोपी आहे. खालच्या खोडाचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टांगता धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ दोरा खाली सुटायला लागला तर जिवाणू आहे.

दोन्ही बाबतीत झाड मुळासकट काढा, पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये घालू नका. मर असेल तर ती माती टोमॅटो, वांगं, मिरची यांना पुन्हा वापरू नका. मन होत नाही, मला ठाऊक आहे. पण शेजारच्या कुंड्या वाचवायच्या असतील तर दुसरा मार्ग नाही.

सगळं ठीक आहे आणि तरी फुलं गळताहेत

मग हवामान बघा. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या आसपास गेलं किंवा रात्री 25 च्या खाली उतरेनाशा झाल्या की परागकण कमकुवत होतात, फळ धरत नाही आणि फूल गळतं. रात्री 15 अंशांच्या खाली गेल्या तरी तेच. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी उन्हात इतकी तापते की हवेपेक्षा मुळांनाच जास्त झळ बसते. कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा किंवा ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवा, मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटं थर द्या, आणि दुपारी अर्धी सावली पडेल अशी सोय करा. उलट बाजूने, दिवसाला सहा तासांपेक्षा कमी ऊन मिळत असेल तर मिरची फुलते, पण फळ पोसत नाही.

बंद खिडकीत किंवा वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात झाड असेल तर परागीभवन होत नसेल. मिरचीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे दुसऱ्या झाडाची गरज नाही. रोज सकाळी फुललेल्या फांदीला हलकी टिचकी मारली तरी काम होतं.

कळ्या खुडण्याचा निर्णय

इथे सगळे अडखळतात. झाड आजारी आहे, त्यावर पंधरा कळ्या आणि चार कोवळी फळं आहेत. माझं मत स्पष्ट आहे: शेंडा वाढत नसेल तर सगळं खुडा. शेंडा हिरवा आहे आणि आठवडाभरात थोडी तरी वाढ दिसते आहे, असं असेल तर फक्त फळं काढा आणि कळ्या झाडावर सोडा. नको असतील त्या ते स्वतःच गाळेल. पोसणारं फळ कळीपेक्षा कितीतरी जास्त ओढतं, म्हणून काढायचं आधी फळ.

वाट बघताना

एका वेळी एकच बदल करा आणि दहा-बारा दिवस थांबा. पिवळं पडलेलं, करपलेलं किंवा वळलेलं जुनं पान पुन्हा नीट होत नाही. त्याच्याकडे बघून उपाय लागू पडला नाही असं ठरवू नका. शेंड्याजवळच्या एका कोवळ्या पानाच्या देठाला सैल दोरा बांधा. त्या दोऱ्याच्या वर येणारी पानंच खरं उत्तर देतील.

दोऱ्याच्या वर चार-पाच निरोगी पानं आली की खताला सुरुवात करा, सांगितलेल्या मात्रेच्या अर्ध्याने, आणि ओल्या मातीत. कोरड्या मातीत खत दिलं तर मुळं भाजतात. आता नत्र कमी आणि पालाश जास्त असलेलं खत निवडा. मॅग्नेशियमची उणीव दिसली असेल तर लिटरभर पाण्यात 2-3 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा.

मिरचीची फांदी वाढताना दुभंगत जाते आणि प्रत्येक बेचक्यात कळी धरते. म्हणून नवी वाढ सुरू झाली की कळ्यांसाठी वेगळं काही करावं लागत नाही. नव्या बेचक्यांतल्या पहिल्या दोन-तीन कळ्या मी तरीही खुडतो. चौथीला हात लावत नाही.